वाचक विचारतात: दोन शेपट्यांचं विमान आणि घरोघरच्या गजाली

मागच्या अंकात मी सहज लिहिलं होतं की घरात कुणी फौजेत होतं आणि मालवाहू विमानाची आठवण सांगायचं, तर कळवा. वाटलं चारपाच पत्रं येतील. पण मधे गणपती आले, मुंबईकर गावाला आले, माळ्यावरच्या ट्रंका खाली उतरल्या आणि व्हॉट्सॲपवर डिस्चार्ज बुकांचे, म्हणजे फौज सोडताना मिळणाऱ्या नोंदवह्यांचे, फोटो येऊन पडायला लागले, तेही आडवेतिडवे. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, निवडक घेतोय. मी हवाई दलात एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याचा मिस्त्री होतो, आग्र्याला पॅकेट नावाच्या मालवाहू विमानांवर हात काळे केलेत, त्यामुळे पॅकेट निघालं की माझं लांबण लागतं, चालवून घ्या.

आधी एक सांगून ठेवतो. म्हाताऱ्या फौजींच्या तोंडची विमानांची नावं आणि तारखा यावर फार विसंबू नका, त्या हमखास हलतात. पण जमीन तिरकी होती, कानात दडे बसले, दार उजवीकडे होतं, असं काही सांगितलं असेल तर ते धरून ठेवा, त्यावरूनच विमान ओळखता येतं.

प्रश्न : आमचे आजोबा मराठा पलटणीत होते. बांगलादेशच्या लढाईत दोन शेपट्यांच्या विमानातून उडी मारली असं सांगायचे. भावकीतले लोक हसायचे, विमानाला कधी दोन शेपट्या असतात काय, म्हातारा शिमग्यातली सोंगं सांगतो म्हणायचे. आजोबा आता नाहीत. खरं काय समजायचं?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : असतात हो दोन शेपट्या! भावकीला सांगा, हे फेअरचाइल्ड सी-११९, आपल्याकडे सगळे त्याला पॅकेट म्हणायचे. अमेरिकन विमान, १९५४ साली हवाई दलात आलं. मधे चौकोनी पोट, दोन्ही पंखांवर एकेक दांडगं इंजिन आणि त्या इंजिनांच्या मागून दोन लांब दांडे थेट मागे गेलेले, त्यांच्या टोकाला एकेक उभी शेपटी आणि दोघींना जोडणारी आडवी फळी. मधल्या पोटाची मागची बाजू अख्खी उघडायची, ट्रक रिव्हर्स घेऊन लावला की सामान सरळ आत. आणि खरी गंमत अशी की ते मागचे दोन मोठे दरवाजे उडताना उघडता यायचे नाहीत, त्यामुळे जड सामान हवेतून टाकायचं असेल तर ते दरवाजे जमिनीवरच काढून ठेवायचे आणि विमान मागून उघडंच उडायचं. ते काढणं आणि परत बसवणं हे आमचं काम, आग्र्याच्या मे महिन्यात तो पत्रा हाताला लागला की कातडी निघायची, ती सवय झाली की मग पाना पण गरम लागत नाही.

आता उडीचं. ११ डिसेंबर १९७१, दुपार कलल्यावर, टांगाईल. तिथे उतरली ती २ पॅरा बटालियन, म्हणजे छत्रीने उड्या मारणारी पलटण, कमांडर लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू. आणि ही २ पॅरा म्हणजे मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन, म्हणून तिच्या नावापुढे मराठा लागतं. तुमचे आजोबा मराठा पलटण म्हणायचे आणि उडीही सांगायचे, या दोन गोष्टी एकमेकींना अजिबात खोट्या पाडत नाहीत, उलट बरोबर जुळतात. दमदम आणि कलाईकुंडाहून विमानं उडाली, त्यात पॅकेट होती, डकोटा होती, एएन-१२ होती, कॅरिबूही होती. काम असं होतं की लोहाजंग नदीवरचा पुंगली पूल धरायचा, म्हणजे उत्तरेकडून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट तुटेल. पूल त्याच संध्याकाळी हातात आला. उतरली एक बटालियन, पण परदेशी पेपरांत छापून आलं की पाच हजार छत्रीवाले उतरले, आणि आपल्या बाजूने कुणी ते घाईघाईने दुरुस्त करायला गेलं नाही. कशाला जातील!

पण थांबा, अजून एक बाजू आहे. दुसऱ्या दिवशी पुलावर येऊन त्यांना मिळाली ती जमिनीवरून लढत आलेली १ मराठा, म्हणजे जंगी पलटण. आभाळातूनही मराठे आणि रस्त्यानेही मराठे. त्यामुळे तुमचे आजोबा जंगी पलटणीत असतील तर त्यांनी उडी मारली नसेल पण ज्यांनी मारली त्यांच्याबरोबर बिड्या ओढल्या असतील, आणि पन्नास वर्षांत दुसऱ्याची उडी आपली होऊन जाते, त्यात लबाडी नसते. डिस्चार्ज बुकावर युनिट बघा. घरात कुणाला आठवत असेल तर हेही विचारा, दाराबद्दल ते काय सांगायचे. पॅकेटमधून माणसं मागून नाही, मागच्या बाजूच्या दोन छोट्या दारांतून उड्या मारायची, एक डावीकडे एक उजवीकडे, दोन्ही रांगा एकदम. "दोन्ही अंगांनी बाहेर पडत होतो" असं काही ते बोलले असतील तर मग मला कागदाची गरज नाही, मी मानतो.

प्रश्न : माझे पणजोबा महार रेजिमेंटमध्ये होते. १९४७ ला पहिल्या विमानातून श्रीनगरला उतरले असं घरात सांगतात. विमानात शिरल्यावर आत चढ चढून जावं लागायचं, घाटात उभ्या एसटीत पुढे सरकल्यासारखं, असंही सांगायचे. हे कुठलं विमान?
— एक वाचिका, मंडणगड

उत्तर : ताई, त्या चढावरून शंभर टक्के डकोटा. डकोटाचं तिसरं चाक शेपटीखाली असतं, त्यामुळे जमिनीवर उभं असताना तोंड वर आणि शेपूट खाली, दार मागच्या बाजूला. म्हणजे शिरायचं मागून आणि पुढे चढत जायचं, पाठीवर पोतं असेल तर दम निघायचा. विमान पळायला लागलं की शेपूट उचलली जाते तेव्हा कुठे जमीन सपाट होते.

पहिल्या विमानाचं मात्र जरा सांभाळून घ्या. २७ ऑक्टोबर १९४७ ला पहाटे दिल्लीहून डकोटा उडाली त्यात १ शीख बटालियन होती, लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय यांची. श्रीनगरचं विमानतळ आपल्या हातात आहे की हल्लेखोरांच्या हे सुद्धा नक्की माहीत नव्हतं, वर घिरट्या घालून बघा आणि गडबड दिसली तर जम्मूला फिरा असा हुकूम होता. राय लगेच काही तासांत बारामुल्लाच्या रस्त्यावर लढताना गेले, त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. त्यानंतर मात्र दिवसचे दिवस विमानं येत राहिली, हवाई दलाची कमी पडली म्हणून खासगी कंपन्यांची डकोटाही लावली. महार रेजिमेंट तेव्हा मशीनगन रेजिमेंट होती, तिच्या तुकड्या वेगवेगळ्या ब्रिगेडना जोडून दिलेल्या, म्हणून तर एका गावातले चौघे एकाच रेजिमेंटचे असून चौघांच्या गोष्टी चार ठिकाणच्या. तुमचे पणजोबा पहिल्या विमानात नसले तरी त्या रांगेतल्या एखाद्या विमानात असणं अगदी शक्य आहे. नुसतं "पहिल्या" काढून टाका.

डकोटाचं आणखी एक सांगायचा मोह आवरत नाही. पूंछ शहर वर्षभर वेढ्यात होतं, आत सैन्य आणि निर्वासित, रस्ता बंद. तिथे लोकांनीच धावपट्टी तयार केली आणि एअर कमोडोर मेहरसिंग यांनी स्वतः डकोटा उतरवून दाखवलं, मग तोफा सुद्धा डकोटानेच आल्या. पुढे २४ मे १९४८ ला याच मेहरसिंगनी जनरल थिमय्यांना शेजारी बसवून लेहला डकोटा नेलं. साडेदहा हजार फुटांवरची वाळूची पट्टी, वाटेत झोजी-ला आणि फोटू-ला या खिंडी, आणि विमान असं की त्यात केबिनला हवेचा दाब नाही. ते विमान तिथे उतरलं नसतं तर लडाखचं काय झालं असतं याचा विचार ज्याचा त्याने करावा.

प्रश्न : एका डकोटाचं नाव परशुराम आहे असं ऐकलं, खरं का? आम्ही परशुरामाच्या डोंगराखालचेच.
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : खरं आहे. परदेशात भंगारात निघालेलं डकोटा तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी विकत घेऊन इंग्लंडमध्ये दुरुस्त करवलं आणि हवाई दलाला भेट दिलं. त्यांचे वडील डकोटाचे पायलट होते. ४ मे २०१८ ला हिंडनला ते दाखल झालं, नाव परशुराम आणि नंबर व्हीपी ९०५, श्रीनगरच्या पहिल्या दिवसाचा नंबर. भूमी तुमच्याकडे आणि विमान त्यांच्याकडे, काय करणार. हवाई दल दिनाला उडताना दिसतं कधीकधी, टीव्हीवर बघा.

प्रश्न : सर, मी इंजिनिअरिंगला आहे. मालवाहू विमानांचे पंख पोटाच्या वर का असतात? प्रवासी विमानांचे तर खाली असतात.
— एक विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर : पंख वर नेला की पोट जमिनीच्या जवळ येतं, मग ट्रकमधून सामान थेट आत ढकलता येतं, शिडी नको क्रेन नको. पंखाचा मुख्य सांगाडा पोटाच्या मधून जात नाही, तो छतावरून जातो, त्यामुळे आत रणगाडा उभा करायला सलग जागा. आणि पंखे, म्हणजे प्रोपेलर, जमिनीपासून उंच राहतात म्हणून कच्च्या धावपट्टीवरचे दगड कमी लागतात. हवाई दलाच्या एएन-३२ या मालवाहू विमानाचा फोटो काढून बघ, त्याची इंजिनं तर पंखाच्याही वर चढवून बसवलीत. डकोटाचे पंख खाली आहेत कारण ते मुळात प्रवासी विमान होतं, लढाई आली म्हणून पोती वाहायला लागलं.

प्रश्न : माझे वडील एएससीत, म्हणजे फौजेच्या रसद खात्यात होते, जोरहाटला. विमानातून तांदळाची पोती विना छत्री खाली टाकायचो म्हणायचे. पोतं फुटत कसं नाही? आमच्याकडे माळ्यावरून पडलं तरी फुटतं.
— एक वाचिका, सावंतवाडी

उत्तर : फुटतं ना, आतलं फुटतं! म्हणून तर पोत्यात पोतं घालायचे. आतलं पोतं गच्च भरायचं नाही, सैल ठेवायचं, आणि बाहेरचं त्याहून मोठं. आपटलं की आतलं उसवतं, तांदूळ बाहेरच्या पोत्यात पसरतो आणि तिथेच राहतो. गच्च भरलेलं पोतं मात्र गेलंच समजा. याला फ्री ड्रॉप म्हणायचे. धान्य, मीठ असं असलं तर फ्री ड्रॉप, पण रॉकेल, औषधं, दारुगोळा छत्रीला बांधून.

तुमचे वडील त्या दारातल्या टोळीत असतील तर त्यांचं काम नुसतं ढकलायचं नव्हतं. ईशान्येकडची ठाणी दरीत, सपाट जागा एवढीएवढीशी, तिथे जमिनीवर पांढऱ्या कापडाची खूण मांडलेली आणि धूर केलेला. पायलट दरीत शिरणार, पोती दाराशी रचलेली, घंटा वाजली की पायाने, खांद्याने रेटून बाहेर, आणि घंटा थांबली की थांबायचं, कारण पुढच्या क्षणाला विमान डोंगर चुकवायला वर खेचलं जाणार. एका फेरीत सगळं जात नाही, परत वळसा, परत दरी. एक पोतं उशिरा सुटलं तर ते जंगलात जायचं, आणि खालच्या ठाण्यात त्या आठवड्याला भात कमी. दारातून माणूस जाऊ नये म्हणून कमरेला पट्टा बांधलेला असायचा. हे सगळं रोजचं, ढग मोकळे असतील तेवढे दिवस. यावर कुणी सिनेमा काढत नाही, कारण यात गोळी सुटत नाही.

प्रश्न : काका, आमचे बाबा गप्पा मारताना सांगायचे की बकऱ्यांबरोबर बसून विमानाने लेहला गेलो. वर कान दुखायचे, थंडीने दातावर दात. आई म्हणते काहीही सांगतात. साल साधारण १९६६-६७.
— एक वाचक, खेड

उत्तर : आईंना सांगा, बाबा खरं बोलतात! लडाखच्या जवानांना ताजं मटण मिळावं म्हणून जिवंत बकऱ्या मेंढ्या विमानाने जायच्या, फौजेच्या कागदोपत्री त्याला मीट ऑन हूफ म्हणतात. विमानाची धुलाई कुणी केली असेल तेही मला माहीत आहे पण तो विषय जेवणाआधी नको.

थंडी आणि कान यावरून ते एएन-१२. रशियन, चार इंजिनांचं, १९६१ मध्ये आलं. त्याच्या पुढच्या छोट्या केबिनमध्ये हवेचा दाब राखलेला असायचा, पण मागच्या मोठ्या भागात नाही. चंदीगडहून लेहला जाताना वीस हजार फुटांच्या आसपास चढायला लागणार आणि मागे बसलेला जवान त्याच पातळ हवेत. आपल्या कोकणातला माणूस, आयुष्य समुद्रसपाटीला गेलेलं, त्याला त्या दिवशी काय वाटलं असेल! याच विमानांनी ऑक्टोबर १९६२ मध्ये २० लान्सर्सचे एएमएक्स-१३ रणगाडे चंदीगडहून चुशूलला नेऊन उतरवले होते, रणगाडे विमानातून येतील असं तिथे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

बाबा त्या विमानात बसायला घाबरायचे असंही तुम्ही लिहिलंय. त्याला कारण होतं. ७ फेब्रुवारी १९६८ ला बीएल ५३४ नंबरचं एएन-१२ चंदीगडहून लेहला निघालं, हवा बिघडली म्हणून परत फिरलं आणि रोहतांगच्या बाजूला गायब झालं. १०२ माणसं. पस्तीस वर्षं पत्ता नाही, २००३ मध्ये गिर्यारोहकांना बर्फात अवशेष सापडले, मग एकेक करून देह मिळत गेले, २०२४ मध्ये आणखी चार. छप्पन्न वर्षांनी ओळख पटून गावाला आणले. त्या काळात जे लेहला येजा करत होते त्यांच्यासाठी ते विमान म्हणजे "परवा आपण गेलो तेच", त्यामुळे बाबांना कुणी भित्रं म्हणू नका.

प्रश्न : सर्वात उंच कुठे उतरलंय हो मालवाहू विमान? आणि त्यात कुणी मराठी होतं काय?
— एक वाचक, राजापूर

उत्तर : दौलत बेग ओल्डी, सोळा हजार सहाशे फुटांवर, चीनच्या सीमेला लागून. १९६२ च्या जुलैत तिथे पॅकेट उतरवलं स्क्वॉड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी. आडनावावरून काय ते ओळखा. त्या उंचीवर हवा आपल्या किनाऱ्याच्या मानाने जेमतेम साठ टक्के दाट, इंजिनाला श्वास पुरत नाही, पंख्याला पकडायला हवा नाही, उतरणं एक वेळ जमेल पण परत उडायचं कसं? म्हणून पॅकेटच्या पाठीवर, अगदी मधोमध, एक छोटं जेट इंजिन बसवलं. दोन पेट्रोलची आणि डोक्यावर तिसरं जेट, असलं ध्यान सहसा बघायला मिळणार नाही. चढताना ते चालू करायचे, त्याची कर्कश शिट्टी खालच्या दोन इंजिनांच्या घरघरीत मिसळली की अख्खं हँगर थरथरायचं. खालच्या इंजिनांबद्दल आमचे उस्ताद म्हणायचे की तेल ठिबकत असेल तर ठीक आहे, ठिबकायचं थांबलं तर तेल संपलंय. विनोद होता पण ट्रे खरंच ठेवायला लागायचा. रात्रभर विमान उभं राहिलं की तेल खालच्या सिलिंडरांत उतरून बसतं, तसंच स्टार्ट केलं तर इंजिन मोडेल, म्हणून सकाळी आधी पंखे फिरवून घ्यायचे. थंडीत हा आमचा व्यायाम.

ती पट्टी नंतर बंदच पडली. २००८ च्या ३१ मे ला एएन-३२ उतरलं आणि २०१३ च्या ऑगस्टमध्ये सी-१३० सुपर हर्क्युलस.

प्रश्न : मालवाहू विमानातून बॉम्ब टाकतात का? मित्राशी पैज लागली आहे.
— एक वाचक, पोलादपूर

उत्तर : तुम्ही कुठल्या बाजूने आहात ते लिहिलं नाहीत! टाकलेत. १९७१ ला ४४ स्क्वॉड्रनची एएन-१२ रात्री पाकिस्तानात गेली, मागचा दरवाजा उघडून बॉम्ब घरंगळत खाली सोडले, चांगा मांगाच्या जंगलातल्या दारुगोळ्याच्या साठ्यावर. कमांडर विंग कमांडर वशिष्ठ यांना महावीर चक्र मिळालं. १९४७-४८ ला डकोटातूनही हाताने लोटून टाकलेत. पैज द्या किंवा घ्या.

प्रश्न : चिपीक सी-१७ उतरात काय?
— एक वाचक, मालवण

उत्तर : लांबीचं म्हणाल तर अडचण नाही, चिपीची, म्हणजे सिंधुदुर्ग विमानतळाची, पट्टी अडीच किलोमीटर आहे आणि सी-१७ या दांडग्या मालवाहू विमानाला हजारबाराशे मीटरसुद्धा पुरतात. प्रश्न असतो तो वजनाचा. भरलेलं सी-१७ अडीचशे टनांच्या पुढे जातं, तेवढं वजन डांबराने सोसायला हवं आणि एकदा उतरल्यावर ते वळवून उभं करायला जागा हवी. ते ठरवणं हवाई दलाचं काम, माझं नाही. गजाल म्हणून बरी आहे.

प्रश्न : वडिलांचं रेकॉर्ड कुठे मिळेल? कागद सगळे पावसात गेले.
— एक वाचिका, लांजा

उत्तर : हा प्रश्न सगळ्यात जास्त आला म्हणून नीट सांगतो. प्रत्येक रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस वेगळं असतं. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, पॅराचं बंगळुरूला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, हवाई दलाच्या एअरमनचं दिल्लीत सुब्रोतो पार्कला. थेट पत्र पाठवण्याआधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, रत्नागिरीचं रत्नागिरीला आणि सिंधुदुर्गचं ओरोसला, अर्ज कसा लिहायचा ते तिथे सांगतात. पण सर्व्हिस नंबर नसेल तर अर्ज जागचा हलत नाही, एकाच नावाचे पुष्कळ असतात. तो नंबर पेन्शनच्या पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या कागदावर असतो, बँकेच्या जुन्या कागदांत असतो. आणि कागद खरंच सगळे गेले असतील तर मेडल शोधा, फौजेच्या मेडलच्या कडेवर नंबर आणि नाव कोरलेलं असतं, भिंगातून दिसतं. फक्त सापडल्यावर चमकवायला म्हणून ब्रासोने घासत बसू नका, तीच अक्षरं आधी झिजतात.